राक्षसाचा चेहरा, माणसाचे डोळे

ऑक्टोबर सरत आला की पाश्चात्त्य देशांत ‘हॅलोवीन’चे वेध लागतात. ३१ तारखेच्या रात्री मुले भुताखेतांचे मुखवटे चढवून दारोदार हिंडतात आणि मोठी माणसे घरात बसून जुने भयपट पाहतात. त्या भयपटांच्या यादीत १९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ नाही, असे सहसा होत नाही. सपाट माथा, मानेच्या दोन्ही बाजूंना निघालेले लोखंडी खुंट, जडावलेल्या पापण्या. चित्रपट न पाहिलेला माणूसही हा चेहरा ओळखतो. त्या चेहऱ्यामागच्या नटाला मात्र चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत नावही मिळाले नव्हते. राक्षसाच्या भूमिकेपुढे फक्त एक प्रश्नचिन्ह होते. अखेरच्या नामावलीत बोरिस कार्लॉफ हे नाव झळकले. पण तेही त्याचे खरे नाव नव्हते.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या कॅम्बरवेल भागात त्याचा जन्म झाला. भावंडांत तो सर्वांत धाकटा. या घराची मुळे मात्र हिंदुस्थानात रुजलेली होती. वडील येथील मीठ महसूल खात्यात नोकरीला होते आणि आईवडिलांचा विवाह १८६४ साली सुरतेत झाला होता. आईकडचा धागा तर थेट महाराष्ट्रात येतो. त्याच्या आजीची बहीण ॲना हिचा जन्म १८३१ साली अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. हीच ॲना लिओनोवेन्स पुढे सयामच्या राजवाड्यात शिक्षिका झाली आणि ‘द किंग अँड आय’ या चित्रपटाची नायिका म्हणून जगाला ठाऊक झाली. आपण वेल्समध्ये जन्मलो, असे ती आयुष्यभर सांगत राहिली. तिची आजी बहुधा भारतीय किंवा मिश्र वंशाची असावी, असे संशोधकांचे मत आहे. त्या काळच्या इंग्रज समाजात अशी गोष्ट उघड होणे म्हणजे प्रतिष्ठेला कायमचा बट्टा. ॲनाची खरी जन्मकथा आणि कार्लॉफशी असलेले तिचे नाते संशोधनातून उजेडात आले, तेव्हा कार्लॉफचे निधन होऊन काही वर्षे लोटली होती.

धाकट्या विल्यमचा सावळा रंग मात्र लपण्यासारखा नव्हता. त्यातच तो लहानपणी अडखळत बोले आणि ‘स’चा उच्चार नीट होत नसे. अडखळणे त्याने प्रयत्नपूर्वक घालवले. उच्चारातला दोष शेवटपर्यंत राहिला आणि गंमत अशी, की पुढे तोच त्याच्या आवाजाची ओळख ठरला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे मोठ्या भावंडांनीच त्याला वाढवले. त्यानेही परराष्ट्र सेवेत जावे, अशी घरची अपेक्षा. एक भाऊ जॉन चीनमधील वकिलातीच्या सेवेत नावाजला आणि पुढे ‘सर’ही झाला. विल्यमने लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये नाव घातले खरे, पण त्याचे मन नाटकात होते. १९०९ साली शिक्षण अर्धवट टाकून त्याने कॅनडाचे जहाज गाठले.

तेथे त्याने शेतमजुरी केली, अंगमेहनतीची मिळेल ती कामे केली आणि अखेर एका फिरत्या नाटक कंपनीत शिरकाव करून घेतला. बोरिस कार्लॉफ हे नाव याच सुमारास त्याने धारण केले. कार्लॉफ हे आईकडच्या पूर्वजांचे आडनाव, असे तो सांगे; तसा पुरावा कोणाला मिळालेला नाही. घरच्या नावाला नाटकवाल्याचा डाग नको, एवढा हेतू त्यामागे असू शकतो. या रशियन वाटणाऱ्या नावामुळे त्याच्या रंगाविषयीचे प्रश्नही आपोआप मागे पडले असतील.

हॉलिवूडमध्ये पुढची दहा-बारा वर्षे त्याने जी उमेदवारी केली, तिला उपेक्षा हाच शब्द योग्य. गर्दीतला एक, अरब, मेक्सिकन, अमेरिकन आदिवासी, दुय्यम खलनायक असे त्याच्या कामांचे स्वरूप होते. गोऱ्या नायकाच्या वाट्याला न जाणारे सारे काही या सावळ्या नटाकडे येई. काम नसे तेव्हा तो ट्रक चालवी. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची भूमिका त्याच्याकडे आली तेव्हा त्याने चव्वेचाळिशी गाठत आणली होती. त्याच वर्षी ‘ड्रॅक्युला’ गाजवणाऱ्या बेला लुगोसीचे नाव या भूमिकेसाठी आधी पुढे होते. ते बारगळले आणि दिग्दर्शक जेम्स व्हेलची नजर स्टुडिओच्या उपाहारगृहात बसलेल्या कार्लॉफच्या चेहऱ्यावर गेली.

रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास त्या चेहऱ्यावर काम करी. कार्लॉफने आपल्या कृत्रिम दातांची एका बाजूची पट्टी काढून ठेवली आणि तो गाल खोल गेला. डोळे फार सजीव, फार समंजस दिसतात, म्हणून पापण्यांवर मेणासारखा लेप चढवण्यात आला. जड बूट, जाड कपडे आणि प्रखर दिवे अशा अवस्थेत नायकाला खांद्यावर घेऊन पवनचक्कीची टेकडी चढण्याचे दृश्य पुन:पुन्हा चित्रित झाले. त्यातून जडलेल्या पाठदुखीने त्याची अखेरपर्यंत पाठ सोडली नाही.

एवढे सोसून त्याने पडद्यावर उभा केला तो निव्वळ दुष्ट राक्षस नव्हता. छतातून आलेल्या उजेडाकडे हात उंचावणारा, आपण कोण हे न उमगलेला, बापानेच टाकलेला असा तो जीव आहे. तळ्याकाठी एक चिमुकली त्याला न घाबरता फुले देते. तिच्यासारखीच फुले पाण्यावर तरंगतील या बालिश समजुतीने तो तिलाही पाण्यात टाकतो आणि मग स्वत:च भेदरून जातो. सेन्सॉरने हे दृश्य कापले. राक्षस मुलीकडे हात नेतो, एवढ्यावरच ते तुटू लागले आणि प्रेक्षक मनात त्याहून भयंकर कल्पना करू लागले. कात्री कधीकधी मूळ दृश्यापेक्षा अश्लील ठरते, ती अशी. कापलेला भाग १९८० च्या दशकात पुन्हा जोडला गेला. लहान मुलांना मात्र हा राक्षस तेव्हाच कळला होता. त्याची दया आल्याची पत्रे ती कार्लॉफला पाठवीत.

त्यानंतर ‘द ममी’ (१९३२), ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५) अशी रांगच लागली. भूमिका भयाच्या असल्या, तरी माणूस विलक्षण सौम्य होता. हॉलिवूडमधील इंग्रज नटांच्या क्रिकेट क्लबात तो रमे. चित्रीकरणाच्या अमर्याद तासांचा अनुभव मात्र तो विसरला नाही. १९३३ साली निर्मात्यांचा रोष पत्करून स्थापन झालेल्या नटांच्या संघटनेचा तो संस्थापक सदस्य होता. त्याचा सदस्य क्रमांक नववा. राक्षसाइतकीच ही कामगिरीही लक्षात राहायला हवी होती, असे वाटते.

त्याच वर्षी एका चित्रपटासाठी तो इंग्लंडला परतला. भावंडांना भेटायला जाताना मनात धाकधूक होती, कारण त्यांच्या लेखी आपण घराण्याला काळिमा लावणारे, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात साहेबी हुद्द्यावरचे ते थोरले बंधू त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यायला हौसेने उभे राहिले.

१९४१ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ या नाटकात त्याने स्वत:ची यथेच्छ थट्टा करून घेतली. त्यातला खुनी, आपण बोरिस कार्लॉफसारखे दिसतो असे कोणी म्हणताच पिसाळतो, आणि ती भूमिका खुद्द कार्लॉफच करी. मुलांसाठी गोष्टी ध्वनिमुद्रित करणे हाही त्याच्या आवडीचा उद्योग. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या प्राणिकथाही त्याच्या आवाजात निघाल्या. १९६६ च्या ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’मुळे तर नातवंडांच्या पिढीला तो कथेकरी आजोबा म्हणून कळला.

शेवटच्या काळात फुप्फुसांनी दगा दिला आणि पायाला आधाराची पट्टी लागली. तरीही १९६८ च्या ‘टार्गेट्स’मध्ये तो उभा राहिला. दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच अगदी नवखा. खऱ्या जगातला हिंसाचार वर्तमानपत्रात वाचल्यावर आपल्या भयपटांना आता कोण घाबरणार, असे वाटून निवृत्त व्हायला निघालेला म्हातारा नट त्याने त्यात साकारला. २ फेब्रुवारी १९६९ रोजी ससेक्समधील मिडहर्स्टच्या रुग्णालयात कार्लॉफचे निधन झाले. १९९७ साली अमेरिकी टपाल खात्याने चित्रपटांतील गाजलेल्या राक्षसांची तिकिटे काढली, त्यांतील दोन तिकिटांवर त्याचाच चेहरा होता. दोन्हींवर तो अर्थातच रंगभूषेतला.