ताकेत्सुरूंची वही

मॅगझीनसाठी एका व्हिस्कीवाल्या माणसाचं चरित्र लिहितोय म्हटल्यावर संपादक मंडळातल्या सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. त्यांचंही बरोबर आहे. मी स्वतः घेत नाही, आणि दारूपायी आमच्या गल्लीतली दोन घरं बसलेली मी पाहिली आहेत. तेव्हा हा लेख पिण्यावर नाही. हा लेख आहे एका केमिकलवाल्याच्या वहीवर.

आधी माझी फजिती सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत पंधरा दिवस इनप्लँट ट्रेनिंग केलं. केलं म्हणजे काय, सकाळी गेटवर सही, दुपारी कँटीनची भजी आणि चारच्या एसटीने परत. रिपोर्ट सीनियरच्या रिपोर्टवरून उतरवला, आकृत्यांसकट. व्हायवाला एक्स्टर्नलनी एकच प्रश्न विचारला. कॉलमच्या डोक्यावरून निघालेल्या मालातला काही भाग परत कॉलममध्ये का सोडतात? रिफ्लक्सवर अख्खं पान माझ्याच अक्षरात समोर होतं, पण उत्तर येईना. सरांनी रिपोर्ट मिटून शांतपणे बाजूला ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री रूमवर बसून सलग चालणाऱ्या डिस्टिलेशनचा इतिहास शोधला. ईनियस कॉफी या गृहस्थाने १८३० साली पेटंट घेतलेला कॉलम म्हणजे आपल्या आजच्या कॉलमचा आजोबाच! तो वाचताना एक नाव समोर आलं, मासाताका ताकेत्सुरू. हे जपानी गृहस्थ तो कॉलम शिकायला स्कॉटलंडला गेले होते. म्हणजे तेही ट्रेनिंगलाच.

ताकेत्सुरूंचा जन्म १८९४ चा, हिरोशिमाजवळच्या ताकेहारा गावातला. घरचा धंदा साके, म्हणजे तांदळाची दारू बनवण्याचा. ओसाकाच्या तंत्रशाळेत ते मद्यनिर्मिती शिकले आणि सेत्सु शुझो या कंपनीत लागले. त्या काळी जपानात व्हिस्की म्हणून जे विकलं जाई, ते बहुतेक साध्या अल्कोहोलमध्ये रंग आणि वास मिसळून केलेलं असे. खरी व्हिस्की कशी करतात ते शिकून यायला कंपनीने १९१८ साली या चोवीस वर्षांच्या पोराला बोटीत बसवलं.

ग्लासगोमध्ये त्यांनी रसायनशास्त्राचे वर्ग केले. पण वर्गात व्हिस्की थोडीच कळते? व्हिस्कीनिर्मितीवर नेटलटन यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ताकेत्सुरू थेट लेखकालाच भेटायला एल्गिनला गेले, पण शिकवणीची फी परवडणारी नव्हती. मग ते डिस्टिलऱ्यांची दारं ठोठावत फिरले. १९१९ मध्ये लाँगमॉर्नने पाच दिवस आत घेतलं. फक्त पाच दिवस! (मला पंधरा मिळाले होते.) त्याच वर्षी बोनेस इथे त्यांनी कॉफीचा कॉलम पाहिला आणि १९२० मध्ये कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्न डिस्टिलरीत काही महिने काढले. दिवसभर पाहिलेलं ते वहीत उतरवत. भांड्यांच्या आकृत्या, कामाच्या पद्धती, सगळं स्वतःच्या हाताने.

याच काळात त्यांची किर्किनटिलॉखच्या काउअन कुटुंबाशी ओळख झाली. घरातल्या धाकट्या मुलाला ते जुजुत्सु शिकवत. थोरली बहीण रीटा. दोघांनी जानेवारी १९२० मध्ये रजिस्टर लग्न केलं. दोन्ही घरांचा विरोध होता. त्याच वर्षी दोघं जपानला आले.

आणि इथे आपल्या ओळखीची गोष्ट घडली. महायुद्धानंतर मंदी आली आणि ज्या कंपनीने शिकायला पाठवलं, तिच्याकडे डिस्टिलरी बांधायला पैसेच उरले नाहीत. वही तयार, माणूस तयार, काम नाही. १९२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि चक्क शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. रीटाबाई इंग्रजी आणि पियानोच्या शिकवण्या घेत.

१९२३ मध्ये कोतोबुकियाच्या (पुढची सनटोरी) शिंजिरो तोरींनी त्यांना दहा वर्षांच्या करारावर बोलावलं. त्यांच्यासाठी ताकेत्सुरूंनी यामाझाकी डिस्टिलरी उभी केली. १९२९ मध्ये तिथली पहिली व्हिस्की, शिरोफुदा, बाजारात आली आणि पडली. कारण काय, तर धुराचा वास!

हा धूर कुठून येतो ते सांगतो. बार्लीला मटकीसारखे मोड आणायचे, म्हणजे पिठूळ भागाची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. मग मोड थांबवायला ती वाळवायची. स्कॉटलंडच्या बऱ्याच भागांत वाळवायला पीट जाळत. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि गवत. त्याच्या धुरातले फिनॉल दाण्याला चिकटतात आणि आंबवणं, दोनदा उकळणं, पिंपातली वर्षं, या सगळ्यातून शेवटपर्यंत टिकतात. ऑरगॅनिक लॅबमध्ये नाकाला झोंबणाऱ्या फिनॉलचीच ही भावंडं, पण पीपीएममध्ये मोजायची. जपानी लोकांना हा वास नकोसा झाला. ताकेत्सुरूंच्या लेखी मात्र तोच व्हिस्कीचा स्वभाव होता. दरम्यान त्यांना योकोहामाच्या बिअर कारखान्याकडे पाठवण्यात आलं होतं. करार संपल्यावर १९३४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

वय चाळीस. त्यांनी गाठलं ते उत्तरेकडचं बर्फाळ होक्काइदो बेट आणि समुद्राकाठचं योइची गाव. थंड दमट हवा, चांगलं पाणी, जवळपास पीट आणि कोळसा. स्कॉटलंडच्या जवळ जाणारं असं ठिकाण ते कधीपासून शोधत होते. पण व्हिस्की पिंपात मुरेपर्यंत खायचं काय? योइची सफरचंदांचं गाव. म्हणून त्यांनी कंपनी काढली ती सफरचंदाच्या रसाची, दाइ निप्पोन काजू. १९३६ मध्ये तांब्याचं पहिलं भांडं बसलं. पैसे एकाच भांड्यापुरते, म्हणून पहिलं आणि दुसरं ऊर्ध्वपातन त्याच भांड्यात! १९४० मध्ये पहिली व्हिस्की निघाली. तिचं नाव कंपनीच्याच नावातली अक्षरं घेऊन ठेवलं, निक्का.

पुढे युद्ध पेटलं. नौदलासाठी माल करायचा म्हणून कारखान्याला बार्ली मिळत राहिली, पण घरात रीटाबाई शत्रुदेशातल्या ठरल्या. हेर असल्याच्या संशयावरून घराची झडती झाली. तरी त्या गेल्या नाहीत. १९६१ मध्ये योइचीतच वारल्या. आज गावातल्या एका रस्त्याला रीटा रोड म्हणतात.

योइचीची भांडी आजही दगडी कोळशाच्या उघड्या आचेवर तापतात. दर काही मिनिटांनी फावड्याने कोळसा टाकावा लागतो. बाकी बहुतेक जग कधीच वाफेवर गेलं. पण उघड्या आचेने भांड्याच्या बुडाशी जे किंचित करपतं, त्यातून एक भारदस्त खमंगपणा येतो. (मेसच्या पिठल्याला लागतं ते वेगळं!) भांड्यांच्या गळ्यात भाताच्या पेंढ्याचे दोर बांधलेले असतात, साके बनवणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे. स्कॉटलंडची भट्टी आणि ताकेहाराचा दोर. याला मी तरी कॉपी म्हणणार नाही.

आणि तो कॉफीचा कॉलम? १९६३ मध्ये ताकेत्सुरूंनी तो जपानात आणवला. तोवर तो जुनाट ठरला होता. नवे कॉलम जास्त शुद्ध अल्कोहोल देत, पण धान्याची चव घालवत. त्यांना ती चव हवी होती. बोनेसला पाहिलेलं चव्वेचाळीस वर्षांनी कामाला आलं.

१९७९ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले. योइचीच्या टेकडीवर रीटाबाईंशेजारी त्यांना पुरलं. २००१ मध्ये व्हिस्की मॅगझीनच्या चाचणीत दहा वर्षं मुरलेली योइची जगभरातल्या व्हिस्कींमध्ये पहिली आली. २०१४-१५ मध्ये एनएचकेने या जोडप्यावर मास्सान ही मालिका काढली. धुरकट शिरोफुदाला नाकं मुरडणाऱ्या जपानातच.

असो. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच कारखान्यात पुन्हा गेलो. सर्टिफिकेट नको, फक्त उभं राहू द्या म्हटलं. रात्रपाळीच्या ऑपरेटर काकांनी मला कॉलमच्या मजल्या-मजल्यावर फिरवलं. परत सोडलेला थंड माल खाली उतरतो, वर येणाऱ्या वाफेला भेटतो, वाफेतलं पाणी जास्त करून खाली बसतं आणि अल्कोहोल वर सरकतं. प्रत्येक प्लेटवर थोडं थोडं. रिफ्लक्स बंद केला तर वर तीव्रताच येणार नाही. काकांचं शिक्षण दहावी. दहा मिनिटांत कळलं.

दोनशे पानी वही घेतली आहे. सध्या एकवीस पानं भरली आहेत, आकृत्या वाकड्या आहेत. ज्युनियर्सना झेरॉक्सला मिळणार नाही.

– तृतीय वर्ष, केमिकल