विश्लेषण : नव्या गिटारची तार का खरखरते? उत्तर आहे गिटार न वाजवणाऱ्या लिओ फेंडर यांच्याकडे

ऑनलाइन मागवलेली इलेक्ट्रिक गिटार उत्तनजवळच्या पालीत एखाद्या घरी पोहोचते, खोका उघडतो आणि पहिल्याच सुराला तार फ्रेटवर खरखरते. लगेच ‘पीस खराब आला’ म्हणून परत पाठवण्याची घाई होते. पण बहुतेक वेळा गिटार खराब नसते, ती नीट लावून घ्यायची राहिलेली असते. हवा बदलली की तिची लाकडी मान किंचित पुढे-मागे वाकते. हे घरच्या घरी सुधारता येते, याचे बरेचसे श्रेय लिओ फेंडर या अमेरिकी रेडिओ मेकॅनिकला द्यावे लागेल.

फेंडर कोण होते?

जन्म १० ऑगस्ट १९०९, कॅलिफोर्नियात, संत्र्याच्या बागा पिकवणाऱ्या घरात. लहानपणी गाठीमुळे डावा डोळा गेला, तेथे काचेचा बसवला. शिक्षण हिशेबनिशीचे. १९३८ मध्ये ६०० डॉलरचे कर्ज काढून त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. तिथे वादकही आपली यंत्रे घेऊन येऊ लागले. फेंडर पियानो आणि सॅक्सोफोन शिकले होते, गिटार मात्र त्यांना कधीच वाजवता आली नाही. म्हणूनच वादकांच्या तक्रारी ते कान देऊन ऐकत.

त्यांनी वेगळे काय केले?

१९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. मान चिकटवलेली नव्हे, चार स्क्रूंनी जोडलेली. बिघडलेला भाग काढा, दुसरा बसवा, हा सरळ रेडिओवाल्याचा हिशेब.

पण एका बाबतीत ते अडून बसले. मेपलचे लाकूड इतके कडक, की मानेत लोखंडी सळई कशाला, असे त्यांना वाटे. सुरुवातीच्या काही गिटारींच्या माना वाकल्या आणि विक्री सांभाळणाऱ्या डॉन रँडल यांच्या आग्रहामुळे सळई आली. हाच ट्रस रॉड. (जुन्या फेंडर गिटारींत तो फिरवायला मान सोडवावी लागे. इतक्या व्यवहारी माणसाने हे असे का ठेवले, याचे नवल वाटते.)

दुसरी तक्रार सुरांची होती. टेलिकास्टरच्या ब्रिजवर सहा तारांना मिळून तीनच सॅडल होते, त्यामुळे एक तार जुळवली की जोडीची बिघडे. बिल कार्सनसारख्या वादकांनी हा मुद्दा लावून धरला. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल मिळाला, उंची आणि लांबी दोन्ही बदलता येणारा. आज स्वस्तातल्या गिटारवरही बहुधा हीच रचना असते.

मग घरी काय करायचे?

क्रम महत्त्वाचा. आधी तारा सुरात लावा. मग मान पाहा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबल्यावर मधल्या फ्रेटवर तारेखाली केसभर फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने घट्ट करा, फटच नसेल तर सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. जोर लावावा लागला तर थांबा आणि जाणकाराला दाखवा. त्यानंतर सॅडलच्या बारीक स्क्रूंनी तारांची उंची ठरवा. शेवटी बारावा फ्रेट दाबून मोबाइलच्या ट्यूनरवर सूर पाहा. मोकळ्या तारेपेक्षा तो चढा असेल तर सॅडल मानेपासून लांब न्या, उतरलेला असेल तर जवळ आणा. प्रत्येक बदलानंतर तारा पुन्हा जुळवाव्याच लागतात. समुद्रकाठी तारा लवकर गंजतात, तेव्हा वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसा.

फेंडर यांचे पुढे काय झाले?

सततच्या संसर्गाने आपण फार जगणार नाही, असे वाटून त्यांनी कंपनी विकायला काढली. १९६५ मध्ये सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलर मोजले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचाराने ते बरे झाले, पण स्वतःच्या नावाची कंपनी तोवर हातची गेली होती. मग त्यांनी ‘म्युझिक मॅन’साठी आणि पुढे ‘जी अँड एल’मध्ये गिटारी बनवल्या. पार्किन्सनने हात थरथरू लागले तरी ते रोज कामावर जात. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते कारखान्यात गेले होते.