तुघलकाच्या नाण्याचे मोल

घरात जुने नाणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला : याचे किती येतील? देवघरातल्या डब्यातली ती काळपट चकती सराफाकडे जाते, तराजूत पडते आणि धातूचा भाव सांगितला जातो. पण नाण्याचे मोल केवळ धातूत असते का? या प्रश्नावर एका सुलतानाने सहाशे-सातशे वर्षांपूर्वी आपली अब्रू पणाला लावली. दौलताबादच्या किल्ल्याशी कायमचा जोडला गेलेला महंमद तुघलक, तो हा.

त्याचे मूळ नाव जौनाखान. शहाजादा असताना त्याने 1323 साली वारंगळ जिंकले आणि 1325 मध्ये तो दिल्लीच्या तख्तावर बसला. तर्कशास्त्र, वैद्यक, फार्सी काव्य यांत त्याला उत्तम गती. अक्षर सुंदर. दान देताना हात सैल आणि शिक्षा करताना तितकाच कठोर. 1327 च्या सुमारास त्याने यादवांच्या देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला राजधानीचा मान दिला. दिल्लीहून उमराव, विद्वान, सूफी आपापल्या कुटुंबकबिल्यासह इकडे हलवले गेले. त्या प्रवासाचे हाल लोक विसरले नाहीत.

पाठोपाठ आले नाणे. फौजेचा खर्च अफाट आणि चांदीची चणचण. चीनमध्ये मंगोल सम्राटांचे कागदी चलन चालत होते; इराणात 1294 साली तोच प्रयोग थोड्याच दिवसांत फसला होता. तुघलकाने 1329-30 च्या सुमारास पितळ-तांब्याचा टंका पाडला आणि तो चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावा, असे फर्मान काढले. ही नाणी दिल्लीत पडली, तशी दौलताबादच्या टांकसाळीतही पडली. सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणे, अशा आशयाचा मजकूर त्यांवर कोरला होता.

बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला यात वेडेपणा दिसत नाही. आपल्या खिशातली नोट तरी काय, छापलेला कागदच! फरक एवढाच, की नोटेची नक्कल करणे अवघड असते. तुघलकाचे पितळ घरोघरच्या भांड्यांत होते आणि नाण्यावर चोरखूण नव्हती. मग घराघरांत टांकसाळी झाल्या, असे त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. लोक चांदी दडवू लागले आणि सारा पितळेत भरू लागले. व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला.

दोन-तीन वर्षांत सुलतानाने नाणे मागे घेतले. लहरी म्हणून हिणवल्या गेलेल्या या माणसाने तेव्हा एक गोष्ट मात्र सचोटीची केली : पितळ आणा आणि खजिन्यातून चांदी घेऊन जा, असे सांगून त्याने शब्द पाळला. त्यात खऱ्याबरोबर खोटे नाणेही वटले. तुघलकाबादेत पितळेचे ढीग साचले.

पुढे बंडांमागून बंडे झाली. 1347 मध्ये दौलताबादेतच बहमनी राज्याची स्थापना झाली आणि दख्खन हातातून गेले. बंडखोरांचा पाठलाग करता करता 20 मार्च 1351 रोजी सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ त्याचा अंत झाला. मागे उरला तो ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग.

आणि उरली ती नाणी. त्यांचे मोल करणारा जाणकार आज वजनावर थांबत नाही. टांकसाळ कोणती, साल कोणते, अक्षरे शाबूत आहेत का, नाणे खरे की नकली, हे तो पाहतो. म्हणून जुने नाणे चिंच लावून घासू नये. घासताना अक्षरे झिजतात आणि किंमतही उतरते. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी विकता येत नाही. जमिनीत पुरलेले धन सापडले तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

दौलताबादची टांकसाळ कोरलेला तो टंका भर बाजारात दोन-तीन वर्षेही टिकला नाही. आज संग्राहक त्याच पितळासाठी खुशीने पैसे मोजतात, आणि त्यासाठी कुणाला फर्मान काढावे लागत नाही.