लॉर्ड जोसेफ लिस्टर : जखमेचा राखणदार

वाचकहो, नोकरीच्या निमित्ताने आपल्यातील अनेक मराठी तरुण आज बेंगळूरच्या मारतहळ्ळीसारख्या उपनगरात राहतात. तिथल्या एखाद्या दवाखान्यात हाडात अडकलेली अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टर हिरडीला दोन-तीन टाके घालतात आणि ते आपोआप विरघळतील, असे सांगून रुग्णाला घरी पाठवतात. हे इतके सहज घडते की त्यामागे कोणाचे आयुष्य झिजले, हे आपल्या ध्यानातही येत नाही. त्या आयुष्याची ही ओळख.

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळील अप्टन येथे क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. वडील व्यापार सांभाळून सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत सुधारणा करीत. मुलाला सूक्ष्म गोष्टी निरखण्याची दृष्टी घरातच लाभली. वैद्यकीचे शिक्षण संपवून ते एडिंबरो येथे प्रख्यात शल्यविशारद जेम्स साइम यांच्या हाताखाली गेले आणि १८५६ साली साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी विवाहबद्ध झाले. पंथाबाहेर विवाह करायचा म्हणून त्यांनी क्वेकर मंडळी सोडली. ॲग्नेस त्यांची खरी सहकारिणी ठरली. प्रयोगांच्या कितीतरी नोंदी तिच्याच हस्ताक्षरात आहेत.

१८६० साली लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. क्लोरोफॉर्ममुळे शस्त्रक्रिया वेदनारहित झाली होती, परंतु रुग्ण मरत तो नंतर, जखम सडून. जखमेत पू होणे हे त्या काळी कित्येकांना शुभलक्षणच वाटे. लिस्टर यांच्या स्वतःच्या विभागात १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत ३५ जणांचे हातपाय कापावे लागले आणि त्यांतील १६ दगावले.

१८६५ च्या सुमारास लुई पाश्चर यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले. कुजण्याचे कारण सूक्ष्म जंतू असतील, तर ते जखमेत शिरण्यापूर्वीच नष्ट करायला हवेत, हे त्यांनी ओळखले. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरीत, तेच त्यांनी निवडले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीस हा ११ वर्षांचा मुलगा आला. गाडीच्या चाकाखाली त्याच्या पायाचे हाड मोडून जखम उघडी पडली होती. अशा वेळी पाय कापण्याचाच प्रघात होता. लिस्टर यांनी त्या आम्लात भिजवलेले कापड जखमेवर बांधले आणि चार दिवस वाट पाहिली. पट्टी सोडली तेव्हा सडल्याचा वास नव्हता. सुमारे सहा आठवड्यांत मुलगा बरा झाला. १८६७ ते १८६९ या काळात अंगच्छेद झालेल्या ४० रुग्णांपैकी ६ दगावले.

आता टाक्यांकडे वळू. त्या काळी रक्तवाहिनी रेशमाने बांधून धाग्याची टोके जखमेबाहेर लोंबती ठेवीत; पू होऊन धागा सुटेपर्यंत जखम मिटत नसे. धागाच निर्जंतुक असेल तर तो आत का ठेवू नये, असा लिस्टर यांनी विचार केला. १८६८ च्या अखेरीस त्यांनी मेंढीच्या आतड्यापासून केलेली, कार्बोलिकने शुद्ध केलेली तात एका वासराच्या रक्तवाहिनीला बांधली. महिन्याभराने पाहतात, तो धाग्याच्या जागी जिवंत ऊती तयार झाली होती. आजचे विरघळणारे धागे बहुधा कृत्रिम असतात. तत्त्व मात्र तेच.

स्वच्छ जखमेतील रक्ताची गुठळी न हलवल्यास तिच्याच आधाराने नवे मांस भरते, हेही त्यांनी पाहिले. अक्कलदाढेच्या रुग्णाने हे विशेष लक्षात ठेवावे. दाढेच्या खाचेतील गुठळी हेच तिचे पांघरूण होय. म्हणून पहिले काही दिवस जोराने चूळ भरू नये, नळीने पेय ओढू नये, तंबाखू, मिश्री व विडी तर मुळीच नको. मऊ, थंड अन्न घ्यावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या कराव्यात. गुठळी निखळल्यास दोन-चार दिवसांनी तीव्र ठणका लागतो. तेव्हा डॉक्टरांकडे विनाविलंब जावे. हिरडी काही आठवड्यांत मिटते, आतले हाड भरायला मात्र महिने लागतात.

१८७७ साली लिस्टर लंडनला आले, तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना श्रोतेही फारसे नसत. टीका त्यांनी शांतपणे सोसली. परंतु स्वतःची चूक दिसली तेव्हाही ते तितकेच निश्चल राहिले. हवेतील जंतू मारण्यासाठी त्यांनी सुरू केलेला कार्बोलिकचा फवारा अनावश्यक आहे, असे पटताच १८९० साली त्यांनी तो जाहीरपणे त्यागला. त्यांच्या नंतरच्या पिढीत शिकलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उघडले, तेव्हा स्वच्छ शस्त्रक्रियेचा हा वारसा आपल्या भूमीला आयताच लाभला.

१८९३ साली ॲग्नेस निवर्तली. १८९७ साली लिस्टर यांना लॉर्ड ही पदवी मिळाली, पण घर रितेच राहिले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे देहावसान झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांची अंत्योपासना झाली; दफन मात्र त्यांच्या इच्छेनुसार वेस्ट हॅम्पस्टेडच्या साध्या दफनभूमीत, पत्नीशेजारी झाले. वैद्याने जखम स्वच्छ करावी, तिच्या कडा जुळवाव्यात आणि मग बाजूला व्हावे; भरून येणे हे त्याच्या हातचे काम नव्हे. हे सत्य, वाचकहो, त्यांनी जगाला शिकवले आणि स्वतःही नम्रपणे पाळले.