सात टक्क्यांचा हिशोब

ड्रेस्डेनहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत फ्रायबर्ग येतं. (ब्लॅक फॉरेस्टजवळचं फ्रायबुर्ग वेगळं. तिकीट काढताना सांभाळा!) सॅक्सनीतलं हे गाव बाराव्या शतकापासून चांदीवर जगलं. १७६५ मध्ये इथे खाणविद्येची अकादमी निघाली. याच गावात २६ डिसेंबर १८३८ रोजी क्लेमेन्स विंकलर यांचा जन्म झाला. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे नाव कोणी शिकवलं नाही, पण आपल्या धंद्याच्या मुळाशी हा माणूस आहे.

वडील धातुशास्त्रज्ञ, कोबाल्टपासून निळा रंग बनवणाऱ्या कारखान्यात. मुलगाही अकादमीत शिकून आधी त्याच धंद्यात शिरला. १८७३ मध्ये ते फ्रायबर्गला रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. गंधकाम्ल बनवण्याची पद्धत, वायूंचं पृथक्करण अशी बरीच कामं त्यांच्या नावावर आहेत. पण नाव झालं ते एका दगडामुळे.

घरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ना, ती चांदी आणि हवेतल्या गंधकाची सोयरीक. जमिनीखाली हेच लग्न मोठ्या प्रमाणावर लागतं. खडकांच्या भेगांमधून गरम पाणी वर येतं, थंड होताना त्यातली चांदी गंधकाला धरून शिरांमध्ये बसते. यातलं सगळ्यात साधं खनिज अकँथाइट. शिशासारखं करडं, सुरीने कापता येईल इतकं मऊ, आणि वजनाच्या ८७ टक्के चांदीच. फ्रायबर्गचे खाणकामगार ते लांबून ओळखत.

१८८५ मध्ये जवळच्या हिमेल्सफ्युर्स्ट खाणीत मात्र अनोळखी काहीतरी निघालं. पोलादी करडं, ताजं असताना जरा लालसर झाक. अकादमीतले खनिजतज्ज्ञ अल्बिन वाइसबाख यांनी हे नवीनच आहे हे ओळखून त्याला आर्गिरोडाइट नाव दिलं आणि नमुना विंकलरांकडे सोपवला.

विंकलरांनी मोजलं. चांदी सुमारे ७५ टक्के, गंधक १७, शिवाय चिमूटभर लोखंड, जस्त आणि पारा. बेरीज ९३! परत केलं, परत ९३. प्रत्येक वेळी सात टक्के गायब. एखाद-दुसरा टक्का प्रयोगात सांडला म्हणता येतो, सात नाही. दुसऱ्या कोणी बेरीज जुळवून फाइल बंद केली असती. यांनी कित्येक महिने त्यात घातले.

अडचण अशी, की हरवलेला पदार्थ प्रत्येक पायरीवर निसटायचा. त्याचं क्लोराइड तापवलं की उडून जायचं. त्याचं सल्फाइड पाण्याने धुतलं की थोडं विरघळून जायचं. वर आर्सेनिक आणि अँटिमनी मध्ये लुडबुड करायला होतेच. शेवटी ६ फेब्रुवारी १८८६ रोजी, आधी ते दोघे गाळून काढल्यावर, विंकलरांनी उरलेल्या द्रवात भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं आणि पांढराशुभ्र साका बसला. तो हायड्रोजनच्या झोतात तापवला की खाली राहायचा करडा धातू. नाव दिलं जर्मेनियम, देशावरून.

विंकलरांना आधी वाटलं, ही जागा अँटिमनी आणि बिस्मथच्या मधली असेल. खरी जागा सिलिकॉनच्या खालची निघाली. रशियात मेंडेलीव यांनी १८७१ मध्येच तिथे रिकामा चौकोन ठेवून लिहिलं होतं, अणुभार ७२ आणि घनता ५.५ असेल. विंकलरांनी मोजला तो अणुभार ७२.३, घनता जवळपास तेवढीच. मेंडेलीवांचा तक्ता मग लोकांनी गंभीरपणे घेतला. त्यात गॅलियम आणि स्कँडियम आधी मिळाले होते हे खरं, तरी माझ्या मते जर्मेनियमचा जोडा सगळ्यात चपखल बसला.

विंकलर १९०२ मध्ये निवृत्त झाले आणि ८ ऑक्टोबर १९०४ रोजी ड्रेस्डेनला वारले. या धातूचा काही उपयोग आहे असं तोवर कोणाला वाटत नव्हतं. १९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला, तो जर्मेनियमच्या तुकड्यावर. नंतर सिलिकॉनने त्याची जागा घेतली. तरी ऑप्टिकल फायबरच्या काचेत जर्मेनियम आजही असतं, म्हणजे रविवारी आईशी होणारा व्हिडिओ कॉल वाटेत कुठेतरी त्यातून जातोच.

आता जर्मेनियम काढतात ते जस्ताच्या खनिजातून आणि कोळशाच्या राखेतून. आर्गिरोडाइट त्यासाठी कोणी खणत नाही, ते फारच दुर्मीळ. फ्रायबर्गच्या खाणी १९६९ मध्ये बंद झाल्या. गावात सिलिकॉनच्या वेफर मात्र अजून बनतात.