डोके शाबूत ठेवणारे गाडगेबाबा

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडले. मे २०२३ मध्ये अकोल्याने तेच भोगले. संचारबंदी थोडी सैल झाली की आमच्याकडे येणाऱ्या आयाबाया एकच गोष्ट विचारत. पोराला मामाच्या गावी पाठवावे की घरीच ठेवावे? तासातासाला नवी अफवा यायची आणि माणसे तासातासाला निर्णय बदलायची. जामीन कसा मिळतो हे आम्ही वकील सांगू शकतो, पण घाबरलेले मन कोणत्या कलमाखाली सोडवायचे? अशा वेळी आम्हाला आमच्याच वऱ्हाडातला डेबूजी आठवतो.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर म्हणजेच गाडगेबाबा. प्रस्थापितांनी त्यांच्या हातात झाडू ठेवला आणि डोके मात्र तसबिरीतून वगळले. सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, ते चांगलेच झाले. पण हा माणूस नुसता रस्ते झाडत नव्हता, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाप दारूपायी गेला. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आली, अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. तिथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला. मामाची चांगली जमीन सावकाराने कागदावर अंगठा घेऊन गिळली आणि त्या धक्क्याने मामा खचून मेला. वाचता न येणाऱ्या माणसाला कागद कसा गिळतो, हे त्या पोराने उघड्या डोळ्यांनी पाहिले. पुढे सावकार उरलेले शेत बळकवायला आला तेव्हा डेबूजीने नांगर सोडला नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाला, तेव्हा ते तेविशी-चोविशीचे होते. कर्ज, दारू आणि देवापुढचे बोकड या तिन्हींचे नाते त्यांना कुठल्या पोथीने शिकवले नाही, घरादाराच्या वाताहतीनेच शिकवले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक मडक्याचा तुकडा. त्यातच खायचे, तोच डोक्यावर घालायचा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, रात्री कीर्तन करायचे आणि लोक पाया पडायला येण्याआधी गाव सोडायचे. पाया पडणाऱ्याला ते काठी दाखवत. आमचा कोणी गुरू नाही आणि कोणी शिष्यही नाही, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. कीर्तनात ते उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करत. देव कोणी घडवला, देवळात दिवा कोण लावतो, कुत्र्याने पाय वर केला तर देव हाकलतो का, असे अगदी अडाणी वाटणारे प्रश्न वऱ्हाडी बोलीत विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. आम्ही कोर्टात उलटतपासणी करतो तीही यापेक्षा वेगळी नसते, फक्त आमची फी असते.

१९२३ सालच्या मे महिन्यात कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू होते. तिथेच त्यांना निरोप मिळाला, तरुण मुलगा गोविंदा गेला. बाबा क्षणभर थांबले. मग जगात रोज कोट्यवधी माणसे मरतात, त्यातल्या एकासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे बोलून त्यांनी कीर्तन पुढे नेले. काहींना यात दगडाचे काळीज दिसते. आम्हाला तसे वाटत नाही. जो प्रश्न ते वर्षानुवर्षे दुसऱ्यांना विचारत होते, तोच त्या रात्री त्यांच्या दारात आला आणि त्यांनी तो टाळला नाही, एवढेच. किसा गोतमीला मोहरी मागायला घरोघर पाठवणाऱ्या तथागतांची आठवण आपल्या वाचकाला इथे आल्याशिवाय राहणार नाही. मात्र कुंताबाईंना विसरून चालणार नाही. घर सोडून निघालेल्या माणसाच्या या स्थिरतेची किंमत घरात राहिलेल्या आईनेही मोजली आहे.

पण आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला पाठ टेकायला जागा नव्हती. बाबांनी लोकांकडून पैसा जमवून चोखामेळा धर्मशाळा उभी केली. स्वतः मात्र विठ्ठलाच्या दर्शनाला गेले नाहीत, चंद्रभागेचे वाळवंट झाडत राहिले. इतक्या कष्टाने बांधलेली वास्तू माणूस म्हातारपणी छातीशी धरून बसतो, आमच्याकडे येणारे निम्मे दावे त्याचेच असतात. बाबांनी ती १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री होते. वारकऱ्यांचा निवारा विद्यार्थ्यांचे वसतिगृह होणार होता. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत न गेलेल्या माणसाने ओळखले की आता यात्रेपेक्षा पुस्तक मोठे आहे. स्वतःच्याच आयुष्यभराच्या कामाचा रोख बदलायला किती मोकळे मन लागते! आपल्या संघटनांतले आम्ही सगळे एका बॅनरवरच्या नावाच्या क्रमावरून फुटतो, म्हणून हे जरा जास्त टोचते. आपल्या नातेवाइकांचा संस्थांवर काही हक्क राहणार नाही, याचीही त्यांनी तजवीज केली होती.

१९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मक्रांती झाली. ८ नोव्हेंबरला बाबांनी मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात कीर्तन केले, त्याचे ध्वनिमुद्रण झालेले आहे. प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांचा जोर कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला यावरच होता. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, बाबांना गाडीतून अमरावतीकडे आणत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला. ज्याने आयुष्यभर कोणत्याच गावात मुक्काम लांबवला नाही, तो शेवटीही रस्त्यावरच होता.

दर्यापूरच्या कोर्टात तारखेला जाताना आमची एसटी त्याच वलगाववरून जाते. पूल आला की आम्ही फाईल मिटतो.