वतनावर पाणी सोडणारा देशमुख

भोर-वेल्ह्याच्या मुलुखात गेले असता राजगड व तोरणा दाखविणारे पुष्कळ भेटतात. परंतु भोर तालुक्यातील कारी गावाची वाट विचारणारे थोडेच. आज आम्ही आमच्या वाचकांस त्याच कारी गावी घेऊन जाणार आहोत. कारण ईश्वराने नेमून दिलेले कर्तव्य भयापायी टाकावे की पाळावे, हा प्रश्न तेथील देशमुख कान्होजी जेधे यांस ज्या कठोर रीतीने पडला, तसा फार थोड्यांस पडतो.

कान्होजी हे रोहिडखोऱ्याचे वतनदार. शहाजी राजांच्या पदरी त्यांनी चाकरी केली, व 1648 साली राजे कैद झाले तेव्हा त्यांच्याबरोबर बंदिवासही भोगला. पुढील वर्षी सुटका झाल्यावर शहाजी राजांनी त्यांस शपथेने बांधून पुत्राच्या, म्हणजे शिवाजी राजांच्या, सेवेस पाठविले. त्या काळच्या माणसाची शपथ ईश्वरास साक्ष ठेवून होत असे. ती मोडणे म्हणजे केवळ धन्याशी बेइमानी नव्हे, तर देवाशी प्रतारणा होय.

दहा वर्षांनी त्या शपथेची कसोटी लागली. विजापूरहून अफझलखान निघाला, आणि 16 जून 1659 रोजी आदिलशहाने कान्होजींच्या नावे फर्मान काढून खानास मिळण्याची आज्ञा केली. फर्मान मोडणे म्हणजे वतन गमावणे, हे समजण्यास वकिलाची गरज नव्हती. हा झगडा दोन धर्मांचा होता असेही कोणी समजू नये. खानाच्या छावणीत मराठे सरदार पुष्कळ होते. त्याच खोऱ्यातील, भोरनजीकच्या उत्रौलीचे देशमुख खंडोजी खोपडे, हेही वतनाच्या काळजीने खानास जाऊन मिळाले.

कान्होजी मात्र फर्मान घेऊन आपल्या पाच पुत्रांसह शिवाजी राजांपुढे उभे राहिले. राजांनी त्यांस भुलविले नाही. आमच्याकडे राहाल तर वतनास मुकाल, हे स्पष्टपणे त्यांच्या ध्यानी आणून दिले. तेव्हा कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. राजांनी जेध्यांची बायकामुले तळेगावी सुरक्षित ठेविली, आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली खान पडला तेव्हा जावळीच्या रानात त्याच्या फौजेवर तुटून पडणाऱ्यांत कान्होजींचे मावळे होते.

आमच्या मते खरा मोठेपणा याच्याही पुढे आहे. खोपडे हाती लागण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या प्राणासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. राजांनी त्यांच्या शब्दाखातर खोपड्यांस जीवदान दिले. मात्र एक हात व एक पाय तोडून शिक्षाही केली. जो स्वतः टिकून राहिला, त्याने पळालेल्याचा उपहास केला नाही. भयाचा जोर किती असतो, हे त्यास ठाऊक होते.

हे भय येते कोठून? आमचे उत्तर असे, की ते शत्रूच्या तरवारीतून थोडे व आपल्या मुठीतील वस्तूतून फार येते. खोपड्यांनी मूठ आवळली म्हणून ते भ्याले. कान्होजींनी ती आधीच उघडली, म्हणून त्यांस भिवविण्यास आदिलशहाजवळ काही उरले नाही.

आज फर्मान विजापूरहून येत नाही. ते जातपंचायतीकडून येते, भाऊबंदांकडून येते, पेठेतील गिऱ्हाइकांच्या कुजबुजीतून येते. विधवेचा पुनर्विवाह योग्य आहे, जातीबाहेरचे लग्न पाप नव्हे, हे पुष्कळ प्रतिष्ठित व्यापाऱ्यांस मनोमन पटलेले असते. तथापि साक्ष देण्याची वेळ येताच ते परगावी काम काढतात. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु कायदा बहिष्कार घालणारास शासन करील. पीडिताच्या बाजूने उभे राहण्याची छाती तो कोणास देऊ शकणार नाही.

ईश्वर प्रत्येकाच्या स्वप्नात येऊन आज्ञा करीत नाही. तो बहुधा आपल्याच मुखाने दिलेल्या वचनाच्या रूपाने दाराशी उभा राहतो. त्या वेळी मागील दाराने निघून जावयाचे, की ओंजळीत पाणी घ्यावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही वाचकांस इतकेच सांगू, की कारी व उत्रौली ही दोन्ही गावे एकाच खोऱ्यात आहेत.